घरचं शुगर मशीन घेताना आधी पट्टीचा विचार करा

वाचक विचारतात:

ताई, मी कुडाळजवळच्या एका गावात राहते, शाळेत शिक्षिका आहे. यजमानांचं वय 61, शुगर बारा वर्षांपासून. मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड या गोळ्या चालू होत्या, गुढीपाडव्याच्या सुमारास डॉक्टरांनी रात्रीचं इन्सुलिनही सुरू केलं आणि घरी रोज शुगर बघायला सांगितलं. घरात दोन मशीन आहेत. एक नणंदेने लंडनहून आणलेलं, त्यावर 8.2, 9.1 असे आकडे येतात. दुसरं मेडिकलवाल्याने रक्ताचा थेंब घ्यायच्या पट्ट्यांच्या डबीबरोबर फुकट दिलेलं. परवा दोन्हींवर एकदमच तपासलं तर लंडनच्या मशीनवर 8.2 आलं, म्हणजे मुलाने आपल्याकडच्या एककात केलेल्या हिशोबाने 148, आणि दुसऱ्यावर 176! जेवणानंतर लॅबमध्ये 142 आली, त्याच वेळी घरच्या मशीनवर 171. एप्रिलमध्ये तर कहर झाला. दिवसभर आंब्याच्या पेट्या भरून हे घरी आले, थकवा वाटतोय म्हणाले म्हणून तपासलं तर 318. घाबरून गाडी काढली, अर्ध्या तासात डॉक्टरांकडे पोचलो, तिथे 164. तेव्हापासून हे म्हणतात, सगळी मशीन खोटी, उगाच बोटं टोचू नका. वाडीतले तीन-चार जण आमच्याकडेच शुगर बघायला येतात, त्यांचाही विश्वास उडाला. मुलगा म्हणतो, सुई न टोचता शुगर सांगणारं घड्याळ मागवतो. पट्ट्यांचा खर्चही झेपत नाही. कोणतं मशीन घेऊ?

— एक वाचक, सिंधुदुर्ग

ताईंचं उत्तर:

तुमचं पत्र वाचताना मी सगळ्यात जास्त थांबले ती 318 वर. तुम्ही घाबरलात, गाडी काढलीत, हे बरोबरच केलंत. पण अर्ध्या तासात 318 ची 164 होत नाही. जास्तीचं इन्सुलिन न घेता रक्तातली साखर इतक्या झपाट्याने उतरत नाही. म्हणजे त्या रात्री रक्तात 318 नव्हतीच, असा माझा दाट संशय आहे. साखर बोटावर होती. दिवसभर आंबे हाताळलेले, एखादा फुटलेला, एखादा पिकून गळलेला, रस बोटांना लागून वाळलेला. पट्टीला रक्त लागतं ते टाचणीच्या टोकाएवढं, अर्धा मायक्रोलिटर किंवा त्याच्या आसपास. आंब्याच्या रसात रक्ताच्या कितीतरी पट ग्लुकोज असतं, त्यामुळे डोळ्यांना न दिसणारा त्याचा थरही आकडा दुप्पट करायला पुरतो. पट्टीला रक्तातली साखर आणि आंब्यातली साखर यातला फरक कळत नाही. स्पिरिटच्या बोळ्याने पुसूनही ती नीट जात नाही. साबण आणि पाणी, मग कोरड्या फडक्याने पूर्ण पुसणं, एवढाच खात्रीचा उपाय. पाण्याचा थेंब राहिला तर रक्त पातळ होऊन आकडा उलट कमी येतो, म्हणून कोरडं करणंही तितकंच महत्त्वाचं.

हे मी इतकं लांबवून सांगते आहे त्याला कारण आहे. तुमचे यजमान इन्सुलिनवर आहेत. असा खोटा 318 बघून एखाद्याने घाबरून चार-सहा युनिट जास्त घेतलं, तर पहाटे शुगर उतरून माणूस बेशुद्ध पडू शकतो. तुम्ही तसं केलं नाहीत, डॉक्टरांकडे गेलात, फार चांगलं झालं. यापुढे अनपेक्षित मोठा आकडा आला तर पहिलं काम: हात साबणाने धुवायचे, दुसऱ्या बोटावर पुन्हा तपासायचं. दोन्ही वेळा मोठाच आला तर मात्र डॉक्टरांना लगेच फोन. पडद्यावर इंग्रजीत ‘एचआय’ अशी दोन अक्षरं आली तर त्याचा अर्थ साखर मशीनला मोजता येईल त्याच्याही वर आहे, बहुतेक मशीनवर 600 च्या पुढे. ‘एलओ’ म्हणजे साधारण 20 च्याही खाली. हात धुऊन पुन्हा तपासल्यावरही ‘एचआय’च आलं तर थेट दवाखाना. ‘एलओ’ आलं आणि माणसाला घाम, थरथर किंवा गुंगी असेल तर पुन्हा तपासत बसू नका, आधी साखर द्या.

आता दोन मशीनचा झगडा. 148 आणि 176. तुम्हाला वाटतं यातलं एक खोटं असणार. मला दोन्ही खरी असण्याची शक्यता दिसते. घरच्या मशीनसाठी जे आंतरराष्ट्रीय मानक आहे, आयएसओ 15197, त्याच्या 2013 च्या आवृत्तीत असं म्हटलं आहे की लॅबचा आकडा 100 किंवा त्याहून जास्त असेल तेव्हा मशीनचे 95 टक्के आकडे त्याच्या 15 टक्के वर-खाली असावेत, आणि 100 च्या खाली असेल तेव्हा 15 मिलिग्रॅम वर-खाली. त्या दिवशी यजमानांची खरी शुगर समजा 162 असेल. तिचे 15 टक्के वर-खाली म्हणजे 138 ते 186. तुमचे दोन्ही आकडे त्यात बसतात. घरी दोन मशीन एकमेकांशी ताडून बघितली की भांडण लागणारच, आणि त्यात दोन पट्ट्याही वाया जातात. एकच मशीन ठेवा आणि त्याच्यावरचे आकडे आठवड्याभरात कुठे चालले आहेत ते बघा.

लॅबशी तुलना करण्यातही एक गोष्ट बहुतेकांना माहीत नसते. लॅबवाला दंडाच्या शिरेतून रक्त घेतो, मशीन बोटातल्या केशवाहिन्यांतलं. उपाशीपोटी या दोन्हींतली साखर जवळपास सारखी असते. जेवणानंतर मात्र बोटातल्या रक्तात ती जास्त असते, कारण शिरेत पोचेपर्यंत स्नायू आणि इतर पेशी तिच्यातली काही वापरून टाकतात. हा फरक कधीकधी 20-30 मिलिग्रॅम किंवा त्याहूनही जास्त भरतो. तुमची 142 आणि 171 ही जेवणानंतरची आहेत, त्यामुळे त्यावरून मशीनला दोष देता येत नाही. त्यातून तुमच्या गावात घेतलेलं रक्त तपासायला दूरच्या शहरात जात असेल, तर वाटेतही बाटलीतल्या पेशी साखर खातात. करड्या टोपणाच्या, फ्लोराइड घातलेल्या नळीत रक्त घेतलं नसेल तर ताशी 5 ते 7 टक्के साखर कमी होते. म्हणजे कधीकधी लॅबचाच आकडा कमी आलेला असतो. मशीन खरंच पारखायचं असेल तर सकाळी उपाशीपोटी लॅबमध्ये मशीन घेऊन जा. शिरेतलं रक्त काढल्यावर पाच मिनिटांच्या आत, धुतलेल्या बोटावर मशीनने तपासा, आणि नळी कोणत्या टोपणाची आहे तेही बघा. लॅबची 130 आली तर मशीनवर 111 ते 149 मधलं काहीही चालेल. एकदा फरक जास्त आला म्हणून लगेच मशीन फेकू नका, पुन्हा एकदा तसंच करून बघा.

आता तुमचा मुख्य प्रश्न. कोणतं मशीन? मी तुम्हाला मशीनचं नाव सांगणार नाही, कारण निवडायची आहे ती पट्टी. मोटरसायकल घेताना आपण आधी ॲव्हरेज विचारतो, मशीन घेताना मात्र कोणी पट्टीचा भाव विचारत नाही. कंपन्या मशीन स्वस्तात देतात, कधी फुकटही देतात, कारण एकदा ते घरात आलं की त्याच कंपनीची, त्याच मॉडेलची पट्टी तुम्हाला वर्षानुवर्षं घ्यावी लागते. एका मॉडेलची पट्टी दुसऱ्यात चालत नाही. साखर खरी मोजणारं रसायनही पट्टीवरच असतं. मशीन त्या रसायनातून निघालेला अगदी बारीक विद्युतप्रवाह किंवा काही मॉडेलमध्ये रंगाचा फरक वाचून आकड्यात मांडतं. त्यामुळे खर्च आणि अचूकपणा या दोन्हींची चौकशी पट्टीपासून सुरू करायची.

लंडनचं मशीन म्हणूनच बाजूला ठेवा. त्याची पट्टी कुडाळात मिळणार नाही, आणि दुसरं म्हणजे त्याचं एकक वेगळं आहे. ब्रिटनमध्ये मिलिमोलमध्ये मोजतात. 18 ने गुणलं की आपले मिलिग्रॅम येतात, मुलाने हिशोब बरोबर केला. पण रात्री दोन वाजता यजमानांना घाम फुटलेला असताना 3.4 हा आकडा बघून 61 लक्षात यायला हवं, आणि अशा वेळी कोणीही 18 चा पाढा म्हणत बसणार नाही. बऱ्याच मशीनमध्ये हे एकक बदलताही येत नाही. नणंदबाईंनी प्रेमाने आणलं आहे, त्यांना हे नीट समजावून सांगा.

मेडिकलमध्ये जाल तेव्हा आधी हे विचारा: या मशीनच्या पट्ट्या तुमच्याकडे कायम असतात का, की मागवाव्या लागतात? आणखी कोणत्या दुकानात मिळतात? पावसाळ्यात घाट बंद झाला, गाडी आली नाही, तर किती दिवस थांबावं लागेल? तुमच्या भागासाठी मी हा प्रश्न अचूकपणाच्याही आधी विचारीन, कारण पट्टी संपलेलं मशीन कितीही अचूक असलं तरी कामाचं नाही. अ‍ॅक्यु-चेक, वनटच, कॉन्टूर, डॉ. मोरपेन, बीटओ ही नावं आपल्याकडे दिसतात, पण एकाच कंपनीची तीन-तीन मॉडेलं असतात आणि प्रत्येकाची पट्टी वेगळी. म्हणून नाव नव्हे, मॉडेल लिहून घ्या. खूप जुनं मॉडेल स्वस्तात मिळत असेल तर घेऊ नका. कंपनीने पट्टी बंद केली की मशीन कपाटातच जातं.

मग पेटी हातात घेऊन वाचा. आयएसओ 15197:2013 असा उल्लेख पेटीवर किंवा आतल्या माहितीपत्रकात असायला हवा. ‘2003’ असं असेल तर ते जुनं, सैल मानक आहे. आयात किंवा उत्पादनाचा परवाना क्रमांक आणि कंपनीचा किंवा आयातदाराचा भारतातला पत्ता छापलेला हवा. बॅच नंबर, मुदत आणि डबीचं सील तपासा. ऑनलाइन स्वस्त मिळतात म्हणून लोक पट्ट्या मागवतात. मागवायच्या तर कंपनीच्या अधिकृत विक्रेत्याकडूनच. दुसऱ्या देशासाठी छापलेली, मुदत संपत आलेली किंवा सील उघडलेली डबी कितीही स्वस्त मिळाली तरी परत करा. मानकाचा शिक्का असला म्हणजे सगळी मशीन सारखी, असंही समजू नका. अमेरिकेत डायबिटीस टेक्नॉलॉजी सोसायटीने तिथल्या बाजारातली, सरकारी मान्यता असलेली 18 मशीन स्वतंत्रपणे तपासली, निष्कर्ष 2018 मध्ये प्रसिद्ध झाले, आणि त्यांच्या कसोटीत फक्त 6 उतरली. तिथली मॉडेलं वेगळी, पण धडा आपल्यालाही लागू आहे. म्हणूनच तुमच्या डॉक्टरांना विचारा, त्यांच्या इतर पेशंटांच्या मशीनचे आकडे लॅबशी बरे जुळतात ती कोणती. त्यांच्याकडे रोज अशी तुलना येत असते, त्यांच्या अनुभवाला किंमत आहे.

पट्टीचा भाव ढोबळमानाने 10 रुपयांपासून 30 रुपयांपर्यंत असतो. 22 सप्टेंबर 2025 पासून ग्लुकोमीटर आणि पट्ट्यांवरचा जीएसटी 12 वरून 5 टक्क्यांवर आला आहे, तेव्हा जुन्या छापील किमतीने विकत असतील तर विचारा. डबीच्या किमतीला पट्ट्यांच्या संख्येने भागून एका पट्टीचा भाव काढा आणि मगच दोन मॉडेलांची तुलना करा. पण इथे एक मेख आहे. पन्नासची डबी स्वस्त पडते म्हणून घेतली, आणि उघडल्यावर ती तीन महिन्यांत वापरायची असेल, तर उरलेल्या पट्ट्या फेकाव्या लागतात. ही मुदत कंपनीगणिक वेगळी असते, कुठे तीन महिने, कुठे सहा, कुठे छापील तारखेपर्यंत. डबीवर लिहिलेलं असतं. उघडली त्या दिवशीची तारीख पेनाने डबीवरच लिहून ठेवा.

आणि कोकणातला पाऊस! पट्टीवरचं रसायन ओल शोषून घेतं आणि मग आकडे भरकटतात. पट्ट्या मूळ डबीतच ठेवा, कारण तिच्या टोपणात किंवा आतल्या बाजूला ओल शोषणारा पदार्थ असतो. एक पट्टी काढली की टोपण लगेच ‘टक’ आवाज येईपर्यंत बंद करा, तपासून झाल्यावर नव्हे. सुंदर प्लास्टिकच्या डबीत, पर्समध्ये सुट्या, न्हाणीघराच्या फळीवर, चुलीजवळ, कुठेच ठेवू नका. फ्रिजमध्ये तर अजिबात नको. इन्सुलिन फ्रिजमध्ये ठेवतात म्हणून पट्ट्याही तिथेच, असं मी कितीतरी घरांत बघते. फ्रिजमधून काढलेल्या डबीत बाहेरची दमट हवा शिरली की आत पाणी धरतं. साधारण 30 अंशांच्या खाली, कोरड्या कपाटात बरं. आंब्याच्या टेम्पोत, उन्हात तापलेल्या डॅशबोर्डवरही नको. तुमचा वापर कमी असेल आणि पाऊस मोठा असेल तर 25 ची डबी थोडी महाग पडली तरी तीच परवडते. सुट्या फॉइलमध्ये बंद केलेल्या पट्ट्या मिळणारं मॉडेल मिळालं तर दमट हवेला ते फारच चांगलं, फक्त फॉइल फाडायला बोटांत जोर आणि डोळ्यांत नजर लागते.

यावरून आठवलं, मशीन वापरणार कोण? यजमान स्वतः की तुम्ही? त्यांना चष्म्याशिवाय आकडा दिसतो का? मोठे आकडे, पडद्यामागे उजेड, हातात नीट बसणारी पट्टी, अशी मशीन दुकानात हातात घेऊन बघा. काही मशीनना दर नव्या डबीबरोबर कोडची चिप बदलावी लागते किंवा नंबर जुळवावा लागतो, ते राहून गेलं तर आकडा चुकतो. शक्य तर कोड न लागणारंच घ्या. मशीनमध्ये आकडे तारीख-वेळेसह साठतात, म्हणून पहिल्याच दिवशी घड्याळ लावून घ्या. मोबाइलला जोडणारं मॉडेल मुलाला आवडेल, पण आकडे वहीत लिहिले तरी डॉक्टरांचं काम अडत नाही.

आंब्याचं, शेतीचं काम करणाऱ्या हातांची बोटं राठ असतात, तिथे सुई नीट रुतत नाही आणि मग बोट पिळून पिळून रक्त काढलं जातं. जोरात पिळलं की रक्ताबरोबर पेशींभोवतालचं पाणीही येतं आणि आकडा बिघडतो. टोचण्याच्या पेनवर खोली ठरवायचे आकडे असतात, ते वाढवून बघा. बोटाच्या टोकाच्या मधोमध न टोचता कडेला टोचा, तिथे दुखतंही कमी. कोमट पाण्याने हात धुवा, हात खाली सोडून थोडा हलवा, मग टोचा. रोज बोट बदला. हात धुणं खरोखरच शक्य नसेल, म्हणजे बागेत किंवा वाटेत, तर पहिला थेंब पुसून दुसरा घ्यावा.

पट्ट्यांचा खर्च झेपण्याचा खरा मार्ग म्हणजे कधी तपासायचं हे ठरवणं. फक्त मेटफॉर्मिनवर असलेल्या, शुगर आटोक्यात असलेल्या माणसाने रोज बोट टोचण्याचा फायदा फार थोडा, हे अभ्यासांतून दिसलं आहे. त्यांना तीन महिन्यांची सरासरी, म्हणजे एचबीएवनसी, पुरते. तुमच्या यजमानांचं तसं नाही. रात्रीचं इन्सुलिन आणि सोबत ग्लिमेपिराइड, दोन्हींनी शुगर अचानक उतरू शकते. इन्सुलिनचा डोस अजून बसतो आहे तोवर सकाळी उपाशीपोटी रोज तपासावं, कारण रात्रीच्या इन्सुलिनचा डोस त्याच आकड्यावरून ठरतो. त्याशिवाय आठवड्यातून दोन दिवस एकेका जेवणाची जोडी बघा: जेवणाआधी एकदा आणि पहिला घास घेतल्यापासून दोन तासांनी एकदा. एका आठवड्यात दुपारचं आणि रात्रीचं, पुढच्या आठवड्यात नाश्ता. यातून घावणे-चटणी खाल्ल्यावर काय होतं, भात-आमटीने काय होतं, हे तुम्हाला दिसेल आणि त्यावर काहीतरी करता येईल. महिन्याला साधारण 45-50 पट्ट्या होतील. डोस स्थिर झाला की डॉक्टरांना विचारून रोजची तपासणी कमी करता येईल. सहज हाताशी आहे म्हणून दिवसातून चार वेळा टोचू नका, आणि ज्या आकड्यावर काही करायचंच नाही तो काढूही नका.

या सगळ्या हिशोबाबाहेरची एक पट्टी नेहमी राखीव ठेवा: घाम, थरथर, छातीत धडधड, भूक, विचित्र चिडचिड, असं काही झालं तर तपासायला. 70 च्या खाली आकडा आला तर तीन चमचे साखर किंवा ग्लुकोज पावडर पाण्यात, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा, अजून 70 च्या खाली असेल तर पुन्हा तेवढंच. माणूस गिळू शकत नसेल तर तोंडात काहीही न घालता दवाखाना. आणि मशीनच्या 15 च्या फरकाची आठवण इथे ठेवा. लक्षणं स्पष्ट आहेत आणि मशीन 78 दाखवतं, तर मशीनशी वाद न घालता साखर द्या. मशीन सापडत नसेल तरीही आधी साखर.

आता वाडीतल्या लोकांबद्दल, आणि हे मी कळकळीने सांगते आहे. शेजारधर्म म्हणून तुम्ही सगळ्यांना तपासून देता, त्यामागचं मन मला कळतं. पण टोचण्याचं पेन दुसऱ्या कोणालाही वापरू देऊ नका. सुई बदलली तरी नाही. पेनच्या टोपीला रक्ताचा न दिसणारा अंश लागलेला राहतो. हिपॅटायटिस बी, म्हणजे एका प्रकारच्या काविळीचा विषाणू वाळलेल्या रक्तात सात दिवसांपर्यंत जिवंत राहतो, आणि टोचण्याचं एकच पेन अनेकांना वापरल्यामुळे काविळीचे उद्रेक झाल्याची उदाहरणं परदेशात नोंदलेली आहेत. हा धोका तुमच्या यजमानांनाही आहे, आणि रोज तपासणी करणाऱ्या तुम्हालाही. तुम्हाला लोकांची मदत करायचीच असेल तर मेडिकलमध्ये एकदाच वापरायच्या, टोचल्यावर आपोआप आत जाणाऱ्या सुया मिळतात, त्या ज्याने त्याने आणाव्यात. नाहीतर तिशीच्या पुढच्या सगळ्यांसाठी उपकेंद्रात आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात शुगर फुकट तपासतात, आशाताईंना विचारून तिथे पाठवा. आतापर्यंत तुमच्या पेनने तपासलेल्यांनी आणि घरातल्यांनी हिपॅटायटिस बी ची एक तपासणी करून घ्यावी, लसीबद्दलही डॉक्टरांना विचारावं. घाबरवण्यासाठी सांगत नाही, पण ही चाचणी टाळू नका. वापरलेल्या सुया जाड प्लास्टिकच्या, झाकण घट्ट बसणाऱ्या बाटलीत साठवा आणि भरली की आरोग्य केंद्रात नेऊन द्या. कचरा वेचणाऱ्या बाईच्या हाताला त्या लागता कामा नयेत.

मुलाला सांगा, घड्याळ मागवू नकोस. सुई न टोचता, कातडी न भेदता शुगर मोजणाऱ्या घड्याळांना आणि अंगठ्यांना अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने मान्यता दिलेली नाही, आणि फेब्रुवारी 2024 मध्ये लोकांनी ती वापरू नयेत असा जाहीर इशाराही दिला. इन्सुलिन घेणाऱ्या माणसाच्या हातात असं खोटं घड्याळ देणं धोक्याचं आहे. दंडावर चिकटवायचे सेन्सर ही निराळी गोष्ट, त्यांची बारीक तार कातडीच्या आत असते, ती पेशींभोवतालच्या द्रवातली साखर मोजतात आणि साधारण दोन आठवडे चालतात. महाग आहेत. यजमानांची शुगर रात्री वारंवार उतरत असेल तर डॉक्टर एखाद्या वेळी लावायला सांगतीलही. मुलाला पैसे खर्च करायचेच असतील तर सहा महिन्यांच्या पट्ट्यांचे द्यावेत, मात्र डब्या एकदम न घेता दर महिन्याला.

यजमानांना काय सांगाल? त्यांचा राग मला रास्त वाटतो. कोणी काही न शिकवता मशीन हातात दिलं, मग आकड्यांनी त्यांना घाबरवलं. त्यांना एकदा स्वतःच्या हाताने हा प्रयोग करू द्या: आंबा चिरून, हात न धुता एक पट्टी, आणि साबणाने हात धुऊन, पुसून लगेच दुसरी. दोन पट्ट्या खर्च होतील, पण मशीन खोटं नाही हे त्यांना माझ्या किंवा तुमच्या सांगण्यापेक्षा लवकर पटेल.

पुढच्या वेळी डॉक्टरांकडे जाताना मशीन, पट्ट्यांची डबी आणि वही तिन्ही न्या. सकाळची शुगर किती हवी हे त्यांच्याकडून लिहून घ्या. साधारणपणे उपाशीपोटी 80 ते 130 आणि जेवणानंतर 180 च्या आत ठेवतात, पण वय आणि शुगर उतरण्याचा धोका बघून डॉक्टर हे बदलतात. इन्सुलिन सुरू झाल्यावर ग्लिमेपिराइडचा डोस तोच ठेवायचा का, हेही विचारा. आणि यजमानांचं हिमोग्लोबिन शेवटचं कधी तपासलं ते बघा. रक्त कमी असेल तर बऱ्याच पट्ट्या आकडा वाढवून दाखवतात, आणि लोह कमी असेल तर एचबीएवनसीसुद्धा फसवते. शक्तीसाठी म्हणून व्हिटॅमिन सी ची इंजेक्शनं किंवा मोठ्या डोसच्या गोळ्या चालू असतील तर तेही सांगा, त्यानेही काही पट्ट्यांचे आकडे चढतात. (इतर वाचकांपैकी कोणाचं पोटातून डायलिसिस चालू असेल, तर त्यातल्या आयकोडेक्स्ट्रिन या घटकामुळे काही विशिष्ट पट्ट्या जिवावर बेतेल इतका चुकीचा आकडा देतात. त्यांनी डायलिसिस करणाऱ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय पट्टी बदलू नये.)

हिमोग्लोबिन, एचबीएवनसी आणि दोन आठवड्यांचे सकाळचे आकडे मला कळवा, आणि तुमच्या मेडिकलमध्ये कोणत्या दोन-तीन मॉडेलांच्या पट्ट्या कायम मिळतात तेही. मग त्यातलं एक आपण मिळून ठरवू.